कासवांच्या घरट्यांना सावली हवी

वेळास, आंजर्ले किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कुंपणात हलवून जपतात, हे उत्तमच. पण पिल्लू नर की मादी, हे वाळूचे तापमान ठरवते. साधारण ३० अंशांच्या वर माद्याच जास्त निपजतात. ३५ च्या आसपास गर्भ दगावू लागतात. फेब्रुवारी-मार्चमधल्या उशिराच्या घरट्यांना हा धोका जास्त. तेव्हा कुंपणावर शेडनेट बांधावी आणि तापमापक अंड्यांच्या पातळीला, दीडेक फूट खोल पुरावा. वरची वाळू चटके देते म्हणून बादल्या ओतू नयेत; वाळू गच्च भिजली की अंडी गुदमरतात. हलवतानाही अंडी उलटीपालटी करू नयेत, आतला गर्भ मरतो. शिवाय किनारा धुपत असताना वरच्या वाळूत सुरूच्या झाडांची लागवड कशासाठी? कासवाने अंडी घालायची कुठे?

– एक वाचक, दापोली