गॅलिएनसचं झू

मन्या,

परवा फोनवर "असल्या हिरवट चकतीला पैसे कोण मोजतं" म्हणालास ना, तेव्हा ऑफिसात होतो म्हणून गप्प बसलो, आता ऐक सावकाश.

नाणं अंगठ्याच्या नखापेक्षा थोडंसंच मोठं, वजन तीनेक ग्रॅम. विकणाऱ्याने लेबलवर नुसतं 'मासा' लिहिलेलं म्हणून स्वस्तात पडलं. घरी भिंग लावून बघतो तर पुढचे दोन पाय घोड्याचे, उचललेले, आणि पोटापासून मागे सगळं शेपटीचं वेटोळं! हिप्पोकॅम्प रे, रोमनांच्या समुद्रदेवाचा, नेपच्यूनचा घोडा. कडेने 'नेप्तुनो कॉन्स ऑग', म्हणजे बादशहाच्या रक्षणकर्त्या नेपच्यूनला. खाली एकटा 'एन', टाकसाळीच्या नवव्या विभागाची खूण.

हा रोमन बादशहा गॅलिएनस. इ.स. २६७-२६८ मध्ये रोमच्या टाकसाळीत त्याने अशी अख्खी सिरीज पाडली, जमवणारे तिला सरळ 'गॅलिएनसचं झू' म्हणतात. एका बाजूला त्याचं मुंडकं, दुसरीकडे देव नाहीच, फक्त देवाचं जनावर. आपल्याला नुसता मोदक धरलेला उंदीर दिसला तरी गणपती कळतो की, तसंच. सूर्याला पंखवाला घोडा पेगासस, अपोलो देवाला ग्रिफिन, म्हणजे गरुडाच्या तोंडाचा सिंह, शिवाय धनुष्य ताणलेला सेंटॉर, अर्धा माणूस अर्धा घोडा, तोही त्यालाच, आणि व्यापाराच्या देवाला, मर्क्युरीला तर पुढून मेंढा मागून मासा, हे कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. शिकारीच्या देवीचं, डायनाचं हरीण वगैरे साधी जनावरंही आहेत, त्यांचं मला फारसं नाही.

पण एकदम एवढ्या देवांना साकडं कशाला? तर बापाला, व्हॅलेरियनला, २६० मध्ये इराणच्या शापूरने जिवंत धरून नेलेलं, गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, पोस्टुमस नावाचा बंडखोर सेनापती वेगळी चूल मांडून बसलेला, पूर्वेला सीरियातले पाल्मायरा शहरवाले शिरजोर, आणि तिजोरीत खडखडाट इतका की नाणं म्हणजे बहुतेक तांबंच, वरून चांदीचा मुलामा. माझ्या नाण्यावर तो फक्त घोड्याच्या मानेखाली चिमूटभर उरलाय.

आणि एवढं करून २६८ मध्ये मिलानला वेढा घालून बसलेला असताना त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याला उडवला.

दिवाळीत येशील तेव्हा तुझ्याकडचं ते घड्याळजीचं भिंग आठवणीने आण. शेपटीच्या टोकाला काहीतरी चिकटल्यासारखं दिसतंय, माझं म्हणणं तो माशाचा पर आहे, आमचे बाबा म्हणतात माती.

तुझाच,
पक्या