तिसऱ्या नवऱ्यानेही हात उचलला होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका झोरा नील हर्स्टन यांच्या १९३७ सालच्या ‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’ या कादंबरीवरचा लेख वाचला. तिच्या नायिकेची, जेनीची गोष्ट मराठी वाचकांपर्यंत आणल्याबद्दल आधी आभार. आमच्या दादरच्या वाचनकट्ट्यावर दोन महिने हीच कादंबरी चालू होती, त्यामुळे लेख अधाशासारखा वाचला. पण पहिला नवरा धनी, दुसरा हुकूमशहा आणि तिसरा सखा, ही त्यातली मांडणी मला पटली नाही. गप्प राहवेना म्हणून लिहिते आहे.

पहिल्या दोघांबद्दल वादच नाही. गुलामगिरी भोगलेल्या आजीने साठ एकरांच्या मालकाशी नातीचे लग्न लावले, पोरीला आधार मिळावा म्हणून. तो मालक थोड्याच दिवसांत बाईलाही नांगराला धरता येईल असे गरीब खेचर आणायला निघाला. दुसरा म्हणजे ज्यो स्टार्क्स, फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांच्या गावाचा महापौर. गावाने जेनीला दोन शब्द बोलायचा आग्रह केला, तर हाच परस्पर म्हणाला की तिला भाषणातले काही कळत नाही, बाईची जागा घरात. दुकानात कोणी तिच्या वेणीला हात लावताना दिसला, तर केस फडक्यात बांधायची सक्ती झाली तिच्यावर. नवऱ्याला मूठमाती दिल्यावर त्याच रात्री निजण्याआधी ती सगळी फडकी जाळून टाकते. कट्ट्यावर हे वाचताना दोघीतिघींचे डोळे भरून आले होते.

मग येतो टी केक. वयाने तिच्याहून बराच लहान. तो तिला चेकर्सचा डाव खेळायला बसवतो. तोवर ‘ये, खेळू’ असे तिला कोणी म्हटलेच नव्हते. शेतावर तिच्या जोडीने शेंगा तोडतो, स्वयंपाकाला हात लावतो. माझाही त्याच्यावर जीव जडला, खोटे कशाला बोलू? पण सतराव्या प्रकरणात तो तिला मारतो. तिची काही चूक नसते. शेजारीण तिचे आपल्या भावाशी जुळवू पाहते, त्या धास्तीने. ही माझीच आहे हे स्वतःला आणि चार लोकांना पटावे म्हणून. दुसऱ्या दिवशी शेतावरचे पुरुष त्याचा हेवा करतात, कारण तिच्या उजळ कातडीवर मार उठून दिसतो. आपल्या लेखात याबद्दल एक अक्षर नाही.

मला सर्वांत जास्त टोचले ते वेगळेच. जी बाई आपल्या मैत्रिणीला सगळा जन्म सांगायला बसली आहे, तिला त्या माराचे काय वाटले, हे तिथे येत नाही. बोलतात ते पुरुष.

लालबागच्या आमच्या चाळीत असेच एक जोडपे होते. तो गिरणीत होता, प्रेमाने लग्न केलेले. पगाराच्या दिवशी न चुकता गजरा आणायचा. एका संध्याकाळी ती दूधवाल्याशी हसून बोलली, एवढेच निमित्त झाले. सकाळी आईने मला त्यांच्याकडे वाटीभर साखर आणायला पाठवले, तर ती डाव्या हाताने कणीक मळत होती. उजवा हात मनगटापाशी सुजला होता. माझी नजर गेली तसा तिने पदर ओढून घेतला. गॅलरीत बायका म्हणत होत्या, “पण जीव आहे हो त्याचा तिच्यावर.” तिला कोणी काही विचारले नाही. माझ्या आईनेही नाही.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ४५ टक्के बायकांनी कुठल्या ना कुठल्या कारणासाठी नवऱ्याने मारणे रास्त ठरवले आहे. आमच्या कट्ट्यावरही एकजण म्हणालीच, “तो प्रेमापोटी मारतो गं.” त्यावर तासभर वाद झाला आणि हॉल बंद करायची वेळ झाली तेव्हाच आम्ही उठलो.

टी केकला खलनायक ठरवा, असे माझे म्हणणे नाही. जेनीचे त्याच्यावर प्रेम होते, आणि ते खरे होते. लेखकमहाशयांना विनंती एवढीच की ते प्रकरण पुन्हा काढून वाचावे. जागेअभावी राहून गेले असेल, तर येत्या रविवारी त्यावर चार ओळी तरी द्याव्यात. आमचा कट्टा वाट पाहतो आहे.

आपली,
एक वाचक, परळ, मुंबई