एमआरआय कक्षातल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

माझा प्रबंध सादर झाला. तुमचे आभार त्यात एका ओळीत मानले आहेत, ते मला फार अपुरे वाटतात. म्हणून हे जाहीर पत्र.

विसरायला होतं, पण रोजचे व्यवहार अजून सुरळीत चालतात, अशा टप्प्यावरच्या माणसांच्या मेंदूतल्या जोडण्या कशा बदलतात, हा माझा विषय. माणूस नुसता पडून असला तरी मेंदूचे दूरदूरचे भाग एका लयीत चालत राहतात, हे संशोधक भरत बिसवाल यांनी १९९५ मध्ये दाखवलं. पुढे २००४ मध्ये अल्झायमरच्या सुरुवातीच्या रुग्णांत हिप्पोकॅम्पस (आठवणी घडवणारा मेंदूचा भाग) आणि पश्च सिंग्युलेट (मेंदूच्या आत, मागच्या बाजूचा एक भाग) यांच्यातला मेळ बिघडल्याची चिन्हं दिसली. हे सगळं मी वाचून आलो होतो. डोकं जराही हलू न देणं म्हणजे काय, ते मात्र तुमच्याकडे पाहून कळलं.

मिलिमीटरभराहूनही कमी हालचाल झाली, तरी जवळचे भाग खोटेच घट्ट जोडलेले दिसतात आणि लांबचे खोटेच तुटलेले. २०१२ मध्ये काही अभ्यासांनी हे दाखवून दिलं, तेव्हापासून या क्षेत्रातला प्रत्येक जण याला धास्तावून असतो. विसरभोळी माणसं तर जास्त चुळबुळतात. मग आपण आजार मोजतोय की चुळबूळ? संगणकावर दुरुस्त्या करता येतात, पण त्यांनाही मर्यादा आहेत.

तुम्ही मात्र मुळाशीच हात घातलात. मंगळसूत्र काढायला नको म्हणणाऱ्या आजींचं मंगळसूत्र त्यांच्या सुनेच्या हाती, त्यांच्या डोळ्यांसमोर दिलंत. मानेखाली, कानांपाशी स्पंज नीट बसवलेत. आधी आवाज ऐकवलात, हातात घंटीचा रबरी फुगा दिलात. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे, सांगितलेलं मध्येच विसरलं जाणार हे ओळखून प्रत्येक टप्प्याआधी माइकवरून पुन्हा सांगत राहिलात: "आजोबा, डोळे उघडे ठेवा, झोपू नका, समोरच्या फुलीकडे बघा. आता थोडंच राहिलं." आवाजात कधी त्रागा नाही. एखाद्याला नकोच झालं, तर लगेच बाहेर घेतलंत. माझ्या नमुनासंख्येसाठी कुणाला अडवलं नाहीत. तेच योग्य होतं.

माझ्या आलेखांवर मी विश्वास ठेवू शकतो, तो या कामामुळे. यंदा प्रयोगशाळेत नवे विद्यार्थी आले आहेत. विश्लेषण शिकवण्याआधी त्यांना काही दिवस तुमच्या हाताखाली पाठवायचं आहे. तुम्हाला सोयीचे वार कळवाल का?

आपला कृतज्ञ,
एक संशोधक विद्यार्थी