निर्बंधांच्या हिशेबातले सुटलेले रकाने

महोदय,

मासेमारीवर एखादा निर्बंध आला की वर्तमानपत्रांत दोन आकडे येतात: मच्छीमार किती उत्पन्नाला मुकले आणि पुढे मासळी किती वाढेल. हे दोन्ही आकडे बहुधा अर्धवट असतात. पहिल्यात बुडालेली सगळी विक्री धरलेली असते. बोट किनाऱ्याला असताना डिझेल, बर्फ आणि जाळ्यांची झीज वाचते, ती वजा करायला हवी. कर्जाचे हप्ते, विमा आणि खलाशांना दिलेली उचल मात्र थांबत नाही. दुसऱ्या आकड्यात तुलना आजच्या मासळीशी केलेली असते. ती करायला हवी निर्बंध नसता तर पाच वर्षांनी जे उरले असते त्याच्याशी. समुद्रातला मासळीचा साठा घसरणीला लागला असेल, तर उत्पादन आहे तेवढेच टिकणे हाही फायदाच.

जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचा आकार, मोठा करण्याचा नियम घ्या. पुढचे आकडे मानलेले आहेत, रीत खरी आहे. 50 ग्रॅमचे 1,000 मासे आज धरले तर 50 किलो होतात. ते सोडले आणि वर्षभरात 200 ग्रॅमचे झाले, तर 200 किलो मिळतील असे वाटते. तसे होत नाही. नैसर्गिक मृत्यूचा दर वर्षाला 0.6 धरला (हा टक्का नव्हे, उरलेल्या माशांवर क्षणोक्षणी लागू होणारा दर) तर सुमारे 549 उरतात. त्यातले 60 टक्के पुढे जाळ्यात आले तर 329 मासे, म्हणजे 66 किलो. आसातून निसटताना खवले निघून, दमून 20 टक्के मासे आधीच मेले असतील, तर हाती 53 किलो. वजनात नफा जवळजवळ नाहीच. मोठ्या माशाला किलोमागे दुप्पट भाव असेल तरच उत्पन्न दुपटीला पोचते. म्हणजे इथे नियमाचे बरेवाईट समुद्राइतकेच बाजारावर ठरते.

कोळंबीसारख्या अल्पायुषी जातीत हा दर 2 धरला तर वर्षाअखेर हजारातल्या 135 च उरतात. उरलेल्या सगळ्या पकडल्या तरी प्रत्येकीचे वजन सुमारे साडेसातपट झाल्याशिवाय बरोबरी होत नाही. दोन्ही प्रकारची मासळी एकाच जाळ्यात येत असेल, तर एका जातीसाठी निवडलेला आस दुसरीत तोटा देणार, आणि तो तोटाही वहीत लिहिला पाहिजे. सुटलेल्या माशांनी घातलेल्या अंड्यांचा फायदा वरच्या गणितात नाही. अंड्यांतून जगणारी पिल्ले वर्षागणिक कमालीची कमीजास्त होतात, म्हणून तो फायदा एका आकड्यात न सांगता किमान आणि कमाल अशा दोन टोकांत दाखवावा.

शिवाय कागदावरचा आस पाण्यात तसाच राहत नाही. हिऱ्याच्या आकाराचा आस ओढताना ताणाने मिटतो. चौकोनी आस उघडा राहतो. मासळी भरली की जाळ्याच्या टोकाची पिशवी तरीही बुजते. आत बारीक जाळ्याचे अस्तर लावले की नियमच संपला. दंड 100 आणि पकडले जाण्याची शक्यता पन्नासात एक असेल, तर मच्छीमाराच्या लेखी दंड 2. अस्तर लावून फेरीमागे 5 जादा मिळत असतील तर तो लावणारच, यात नीतीचा प्रश्न फारसा नाही. म्हणून गस्त, तपासनीस आणि बंदरावरची तपासणी यांचा खर्च योजनेच्या खर्चातच धरावा. तो न धरता दाखवलेला फायदा खोटा.

याहून मोठी चूक वेगळीच आहे. एच. स्कॉट गॉर्डन या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने 1954 मध्येच दाखवले होते, की कोणालाही उतरता येईल अशा मासेमारीत नफा दिसला की बोटी वाढतात आणि तो नफा खर्चात विरून जातो. बंदीच्या काळात वाढलेली मासळी हंगाम उघडल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच उपसली जाते, बाजारात एकदम माल येऊन भाव पडतो आणि जास्त ताकदीच्या इंजिनांची चढाओढ लागते. बोटींची संख्या गोठवूनही भागत नाही: पकडण्याची क्षमता दरवर्षी नुसती 2 टक्क्यांनी वाढली तरी दहा वर्षांत ती 22 टक्क्यांनी वाढते. जागतिक बँक आणि अन्न व कृषी संघटनेच्या 2009 च्या अहवालात जगभरच्या सागरी मासेमारीत असा वाया जाणारा फायदा वर्षाला सुमारे 50 अब्ज डॉलर मांडला होता.

अलास्कात हॅलिबट माशाचा हंगाम 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षातल्या मोजक्या चोवीस तासांच्या खेपांवर आला होता. 1995 पासून पकडीतला प्रत्येकाचा वाटा ठरला, हंगाम सुमारे आठ महिन्यांचा झाला, ताजी मासळी विकता येऊ लागली. पण बोटी घटल्या, तशी खलाशांची कामेही घटली. वाटा मिळालेल्यांच्या नफ्यातून कामे गेलेल्यांचा तोटा नुसता वजा केला की बेरीज सुरेख दिसते आणि पैसे कोणाच्या खिशातून गेले हे झाकले जाते.

काळाचाही हिशेब आहे. पाच वर्षांनी मिळणारे 100 हे 8 टक्के व्याजदराने आजचे 68; ज्याला 20 टक्क्यांनी कर्ज मिळते त्याला फक्त 40. सरकारला परवडणारा निर्बंध कर्जबाजारी बोटमालकाला तोट्याचा वाटतो, आणि दोघांचेही गणित बरोबर असते. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला कॉड माशावरची बंदी जुलै 1992 मध्ये दोन वर्षांसाठी म्हणून आली. सुमारे 30,000 लोकांचा रोजगार गेला, आणि ती औपचारिकपणे उठायला 2024 उजाडले. साठा कोसळण्याआधी पकड कमी केली असती तर किंमत यापेक्षा फार कमी पडली असती.

तेव्हा कोणत्याही नव्या निर्बंधासोबत चार गोष्टी जाहीर व्हाव्यात: निर्बंधाआधीच्या निदान तीन वर्षांची पकड आणि फेऱ्यांची संख्या, निर्बंध नसलेले तुलनेचे एखादे क्षेत्र, अंमलबजावणीचा वार्षिक खर्च, आणि बोटमालक, खलाशी व विक्रेते यांचा नफातोटा वेगवेगळ्या रकान्यांत. आधीची नोंद नसेल तर पाच वर्षांनी मासळी वाढली ती नियमामुळे की चांगल्या पावसापाण्यामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही.

मत्स्य-अर्थशास्त्राचा एक अभ्यासक