मुक्कामी गाडी परत सुरू करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ जून जवळ आला की एसटीच्या वर्धापनदिनाच्या बातम्या येऊ लागतात. १९४८ साली याच दिवशी पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली. त्या बातम्या मी आवडीनं वाचते, कारण माझं शिक्षणच एसटीच्या जिवावर झालं. म्हणूनच आमच्या गावाची बंद पडलेली मुक्कामी गाडी मला स्वस्थ बसू देत नाही.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. मुक्कामी म्हणजे रात्रीची शेवटची फेरी घेऊन गावात येणारी, रात्रभर तिथंच थांबणारी आणि पहाटे तालुक्याला परतणारी गाडी. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या डोंगरकडेच्या गावात ती साडेआठला यायची. ड्रायव्हर-कंडक्टर भैरोबाच्या देवळाच्या ओवरीत झोपायचे. त्यांच्या जेवणाचे गावानं वार लावले होते, आमच्याकडे बुधवार होता. त्या दिवशी आई पिठल्याला तेल जरा सढळ हातानं घालायची. पहाटे पावणेसहाला पहिला हॉर्न व्हायचा, तेव्हा दुधाचे कॅन टपावर चढायचे. सहाच्या दुसऱ्या हॉर्नला आम्ही मुली चढायचो.

१९८० साली माझा दहावीचा गणिताचा पेपर होता. आमची वस्ती ओढ्यापलीकडं. आदल्या रात्री आजी आजारी, त्यामुळं मला उठायला उशीर झाला. धावत धावत आले तर गाडीचे दिवे लागलेले, इंजिन सुरू, आणि कंडक्टरमामा घंटीच्या दोरीला हात लावून दारात उभे. ड्रायव्हरला सांगत होते, "थांबा जरा, बुधवारची पोरगी आली न्हाई अजून." माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. मी चढले आणि मगच डबल बेल झाली. पुढं मी डी.एड. झाले, छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत गाडी थांबली. मग एसटी कर्मचाऱ्यांचा संप झाला, तो एप्रिल २०२२ मध्ये मिटला. बाकीच्या गाड्या हळूहळू मार्गावर आल्या, आमची मुक्कामी काही आली नाही. आता पहिली गाडी दहाला येते आणि ज्युनिअर कॉलेज भरतं साडेसातला. आगारात तीनदा अर्ज दिले. तिन्ही वेळा उत्तर एकच: भारमान बसत नाही, म्हणजे गाडीला पुरेसे प्रवासी मिळत नाहीत.

सरकारनं बारावीपर्यंतच्या मुलींना मोफत पास दिला. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास फुकट केला, मार्च २०२३ पासून बायकांचं तिकीट अर्धं केलं. या सवलती चांगल्याच आहेत, आणि त्यांचे पैसे सरकार महामंडळाला भरून देतं. पण सवलत मिळते ती गाडीत पाय ठेवल्यावर. आमच्या भावकीतल्या एका मुलीनं गेल्या वर्षी अकरावीला प्रवेश घेतला, पास काढला. येताना एसटी मिळायची, सकाळी जाताना मात्र वडाप, म्हणजे खासगी जीप. त्याचे चाळीस रुपये रोज, आणि जीप इतकी भरलेली की मागच्या पायरीवर उभं राहायचं. दिवाळीपर्यंत तिनं रेटलं, मग घरच्यांनी थांबवलं. तिच्या वडलांशी भांडायला म्हणून गेले होते, पण काही बोलू शकले नाही. अंधारात सोळा वर्षांच्या लेकीला जीपच्या पायरीवर उभं करून घरी परतणाऱ्या बापाला काय सांगायचं? आता तिला स्थळं बघताहेत. तिचा पास अजून दप्तरातच आहे, त्यावर लाल रिबिनींच्या दोन वेण्यांतला फोटो.

गेल्या विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी मतदान यंत्रं आणि कर्मचारी घेऊन एसटी थेट आमच्या शाळेच्या दारात आली. दुसऱ्या दिवशी त्यांना न्यायला पुन्हा आली. रस्ता तोच, घाटातली वळणं तीच. मतदानासाठी जी गाडी पोचते ती शिकणाऱ्या मुलींसाठीही पोचली पाहिजे. मतं मागायला आलेल्या प्रत्येक उमेदवाराला आम्ही बायकांनी हेच सांगितलं होतं.

गावात मुक्काम नको, असं एसटीचे कर्मचारी म्हणतात. त्यांचं म्हणणं रास्त आहे. दिवसभर घाटात गाडी चालवून डासांत झोपायचं, पहाटे उघड्यावर जायचं, हे आम्ही तेव्हा चालवून घेतलं ते चुकलंच. म्हणून ग्रामपंचायतीनं शाळेमागची खोली दुरुस्त केली, दोन खाटा आणि पंखा बसवला, संडास-बाथरूम बांधलं आणि तसा ठराव करून आगाराला कळवलं. जेवणाचे वार पुन्हा लावायला घरं तयार आहेत, बुधवार आमचाच ठेवला आहे.

अकरावीचे वर्ग सुरू होण्याआधी गाडी पाठवा, एवढीच विनंती. खोलीची किल्ली माझ्याकडं असते. कितीही उशिरा आलात तरी दार उघडायला मी जागी असेन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा