क्रूझ : पासपोर्ट अजून हाती न आलेल्यांसाठी सूचना

मंडळींनो, नमस्कार.

डिसेंबरची आपली क्रूझ मायामीहून निघून मेक्सिकोचं कोझुमेल बेट करून मायामीलाच परतते. अशा फेरीला अमेरिकन नागरिकांना पासपोर्टशिवायही जाता येतं, मात्र कागद नीट हवेत:

• अमेरिकेत जन्मलेले : सरकारी जन्मदाखला आणि फोटो ओळखपत्र. दाखल्याची झेरॉक्स सगळ्या क्रूझ कंपन्या घेतातच असं नाही, आणि हॉस्पिटलने दिलेला दाखला चालत नाही. १६ वर्षांखालील मुलांना नुसता दाखला पुरतो.

• भारतात जन्मून नागरिक झालेले : नॅचरलायझेशन सर्टिफिकेट (अमेरिकन नागरिकत्व मिळाल्याचं प्रमाणपत्र) आणि फोटो ओळखपत्र. भारतातला जन्मदाखला किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) इथे उपयोगाचं नाही. आणि हे नीट वाचा : पहिल्यांदाच पासपोर्ट काढताना हे मूळ सर्टिफिकेट अर्जासोबतच पाठवावं लागतं. म्हणजे पासपोर्ट अडकला की सर्टिफिकेटही तिकडेच! अशांनी नुसती वाट पाहत बसू नका. प्रवासाला १४ दिवस उरले की सरकारी पासपोर्ट एजन्सीत तातडीची अपॉइंटमेंट मिळू शकते. त्यासाठी १-८७७-४८७-२७७८ वर फोन करा.

• ग्रीन कार्डवाले, एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाले आणि पाहुणे आलेले आईवडील : भारतीय पासपोर्ट सोबत घ्याच.

तरीही जमेल त्यांनी पासपोर्ट मिळवाच. वाटेत कुणी आजारी पडलं आणि मेक्सिकोहून विमानाने परतायची वेळ आली, तर जन्मदाखल्यावर विमानात बसता येत नाही.

ज्यांचा पासपोर्ट आलेला नाही त्यांनी येत्या रविवारपर्यंत समितीला कळवा. बंदरावर कागद अपुरे निघाले तर जहाजावर घेत नाहीत, पैसेही सहसा परत मिळत नाहीत.

– सहल समिती