गोधडीचा दोराही पारखून घ्यावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बचत गटांच्या गोधड्यांना शहरांतून मागणी वाढत असल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली आणि आनंद वाटला. कापड, नक्षी, भाव असं सगळं त्यात होतं. दोऱ्याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. मी मानवतला शिवणक्लास चालवते आणि ऑर्डरीप्रमाणे मशीनवर गोधड्या शिवून देते. गोधडी किती वर्षं टिकणार हे निम्मं तरी दोऱ्यावर ठरतं, म्हणून हे पत्र.

नवरात्राच्या आधी आमच्याकडं घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुऊन निघतात. त्यानंतर माझ्याकडं दुरुस्तीला गोधड्या येऊ लागतात. बऱ्याच मशीनवर शिवलेल्या, वरून-खालून जुनी सुती लुगडी लावलेल्या. सगळ्यांचं दुखणं एकच असतं. टिपेच्या कडेकडेनं कापड फाटलेलं आणि दोरा शाबूत. टोक धरून ओढलं तर दोरा अख्खा हातात येतो आणि लुगड्याला ओळीनं भोकं राहतात. घेऊन येणारी बाई म्हणते, लुगडंच जुनं होतं. अहो, गोधडी जुन्याचीच करतात! वापरून मऊ झालेल्या सुतावर पॉलिएस्टरच्या टणक दोऱ्यानं बारीक बारीक टिपा मारल्या की प्रत्येक पिळण्यात आणि झटकण्यात सगळा ताण कापडावर जातो. ताण आला तर आधी दोरा तुटला पाहिजे. तुटलेली टीप पुन्हा मारता येते, चिरत गेलेलं लुगडं काही केल्या सांधत नाही. हाताच्या वाकळी दोन-दोन पिढ्या चालत, त्यात सुती धावदोऱ्याचा वाटा मोठा होता.

सुती कापडाला सुती दोरा, हे मी क्लासच्या मुलींना अगदी सुरुवातीला सांगते. त्यातही मर्सराइज्ड आणि तीन पदरी. मर्सराइज्ड म्हणजे कॉस्टिक सोड्यातून काढलेलं सूत. ही रीत जॉन मर्सर या इंग्रज माणसानं १८४४ च्या सुमारास शोधली. सूत ताणून धरून ती करायची, ही सुधारणा पुढं दुसऱ्यांनी केली. त्यानं दोऱ्याला चमक येते, ताकद वाढते आणि रंगही चांगला धरतो. शिवाय सुताचा एक गुण फार थोड्यांना ठाऊक असतो. भिजल्यावर सुती दोरा कमजोर होत नाही, उलट अधिक बळकट होतो. ओली गोधडी दोघींनी मिळून उचलावी लागते आणि तिचं सगळं वजन टिपांवर येतं, तेव्हा हाच गुण कामी येतो. भरतकामाचा रेयॉनचा दोरा नेमका याच्या उलट. दिसायला देखणा, म्हणून हल्ली गोधडीवर त्याच्या टिपा मारतात, पण पाण्यात त्याची ताकद बरीच उतरते. त्यानं फुलं काढावीत, गोधडीचा भार त्याच्यावर टाकू नये.

मी पॉलिएस्टरच्या विरोधात नाही. ब्लाउज, शाळेचे गणवेश, पिशव्या यांना तोच बरा. तो थोडा ताणला जातो, आटत नाही, कुजत नाही. आता जॉर्जेटच्या, टेरिकॉटच्या साड्याही गोधडीला येतात. त्यांना पॉलिएस्टरचाच दोरा लावावा. आधी कापड हातात घेऊन बघावं आणि मग दोरा ठरवावा. कापड कसलं आहे ते कळत नसेल तर त्याचा एक धागा काढून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा वास देतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर आकसून वितळतो आणि काळा कडक मणी उरतो. हीच परीक्षा दोऱ्यालाही लावता येते. "प्युअर कॉटन" म्हणून विकल्या गेलेल्या दोऱ्याचा असा मणी झालेला मी पाहिला आहे.

दुकानात दोरा घेताना रंग जुळला की आपल्या बायका पैसे काढतात. माझी विनंती आहे की वीतभर दोरा उलगडून उजेडात धरावा. लव फार दिसली, मध्येच जाड गाठी आणि मध्येच बारीक जागा दिसल्या तर ते रीळ परत ठेवावं. मशीनवर प्रत्येक टाक्याला थोडाच दोरा लागतो, पण तो कापडात बसायच्या आधी सुईच्या नेढ्यातून कित्येक वेळा मागं-पुढं घासला जातो. लवेचा दोरा इथंच तुटतो आणि त्याची भुकटी बॉबीन केसमध्ये साचते. ही लव कुठून येते, हे कापूस पिकवणाऱ्या आम्हाला तरी कळायला हवं. कापसाचा तंतू जितका लांब, तितकी दोऱ्यात त्याची टोकं कमी आणि दोरा गुळगुळीत. जिनिंगवर कापसाचा भाव करताना हीच लांबी बघतात. आमच्या मानवतच्या बाजारातून १७० किलोच्या गाठी बांधून कापूस बाहेर जातो, तिथं लांबीवरून दर ठरतो आणि त्याच गावात दोरा मात्र नुसता रंग बघून घेतला जातो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

दोऱ्याचं टोक चिमटीत धरून उलटा पीळ दिला की पदर सुटे होतात. ते मोजावेत. दोन पदर असतील तर तो दोरा हलक्या शिवणीला ठेवावा. रिळावरचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हेही लक्षात ठेवावं. फक्त "टेक्स" लिहिलं असेल तर उलट. टेक्स म्हणजे हजार मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन, त्यामुळं तिथं आकडा वाढला की दोरा जाड. लाल, निळा असा गडद दोरा असेल तर ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून बघावा, नाहीतर पहिल्याच धुण्यात पांढऱ्या काठावर रंग उतरतो. आणि आठवडी बाजारात दिवसभर उन्हात मांडलेली रिळं स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. ऊन दोऱ्याचा रंगही खातं आणि जीवही.

चांगला दोरा आणला तरी सुई चुकली तर तो तुटणारच. चार-पाच थरांच्या गोधडीला मी १६ नंबरची सुई लावते, फारच जाड असेल तर १८. सुई नेढ्यातून दोऱ्यावर सरकवून दोरा तिरपा ताणून धरावा. सुई आपोआप घसरत खाली आली तर ती दोऱ्याला बरोबर बसते, अडकली तर नेढं लहान पडतं. टाका मोठा ठेवावा, तीन मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाक्यानं जुनं कापड नुसतं टोचून निघतं. हाताच्या शिवणीसाठी खळ-मेण चढवलेला कडक, चकचकीत दोरा मिळतो, तो मशीनला कधीच लावू नये. दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांत मेण बसतं आणि मग टाका वर-खाली होतो. मिस्त्रीला बोलवायच्या आधी हे एकदा तपासावं.

१७ सप्टेंबर २०२३ ला, आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनीच, सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे. प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. बचत गटांसाठी उमेदचं, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं, काम गावोगाव चालू आहे. कुठल्याही शिवण प्रशिक्षणात दोरा आणि सुई यांना पूर्ण एक दिवस द्यावा, एवढंच मागणं आहे. ऑर्डर घेणाऱ्या गटांनी सुटी रिळं घेण्यापेक्षा सुती दोऱ्याचे कोन, म्हणजे मोठी रिळं, एकत्र मागवावेत, भाव कमी पडतो आणि एका गोधडीत दोन जातींचे दोरे येत नाहीत. गावातल्या दुकानदार भावांनाही सांगणं आहे की वेष्टन फाडून रिळं बरणीत ओतू नका. दोरा कशाचा, किती मीटर, कुणी बनवला, हे त्या वेष्टनावरच तर छापलेलं असतं. सुती दोऱ्याला गिऱ्हाईक नाही म्हणून तो ठेवत नाही, असं मला ऐकायला मिळतं. मी आणि माझ्या क्लासच्या मुली गिऱ्हाईक आहोत, आमच्यासाठी तरी ठेवा.

मुंबईला महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात मराठवाड्याची गोधडी कुणीतरी हौसेनं विकत घेतं. ती तिथं वॉशिंग मशीनमध्ये जाणार, हे धरून आपण इथं शिवली पाहिजे. गटातल्या बायांना पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक पुन्हा यायला हवं असेल तर यंदाच्या ऑर्डरीपासूनच दोरा बदलावा.

आपली,
एक शिवणकाम शिक्षिका
मानवत, जि. परभणी